इंगवले सरांचे स्वयंचलित दरवाजे

कोल्हापूरच्या तमाम नागरिकांस, तसेच इथं पाहुणे म्हणून येऊन तांबड्या रश्श्यावर ताव मारून गेलेल्या सर्वांस, अत्यंत गांभीर्यानं जाहीर करण्यात येतं की या शहराचा सर्वांत अचूक नकाशा कधीही सरकारजवळ नव्हता. तो पालिकेत नव्हता, भूमापन कचेरीतही नव्हता. तो आमच्या शाळेत भूगोल शिकवणाऱ्या इंगवले सरांच्या शर्टाच्या खिशात, चार घड्या घालून, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेला होता.

मी तो पाहिला आहे. त्यात देवळं नव्हती, तलाव नव्हता, राजवाडासुद्धा नव्हता. होते फक्त चौकोन. पोकळ चौकोन म्हणजे सार्वजनिक संडास. भरीव चौकोन म्हणजे खासगी, पण ओळखीतला. चौकोनावर टिंब असेल तर पाणी बाहेरून न्यायचं. आणि चौकोनाशेजारी फुली असेल तर घरमालक बोलघेवडा, आत सोडण्यापूर्वी भावाच्या जमिनीची केस पहिल्यापासून सांगणार.

"फुलीकडं," सर बजावायचे, "अगदीच इलाज चालला नाही तरच जायचं."

मी त्या शाळेत मराठी शिकवायला लागलो तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो आणि सर चाळिशीत होते. उंच, काटकुळे, पांढरी पँट, पांढरा शर्ट, गळ्यात काळ्या दोरीची शिट्टी. शिट्टी कशाला, ते पुढं येईल. त्यांना अल्सरेटिव्ह कोलायटिस होता. म्हणजे मोठ्या आतड्याला आतून जखमा व्हायच्या, रक्त पडायचं आणि दिवसातून बारा-पंधरा वेळा पळावं लागायचं. हे सगळं त्यांनी मला पहिल्याच दिवशी, चहाचा कप हातात असताना सांगितलं. वर "तुमचा कप संपवा, थंड होतोय," असंही म्हणाले.

वर्गात त्यांचं टेबल फळ्यापाशी नसायचं, दाराशी असायचं. "नैर्ऋत्य मोसमी वारे अरबी समुद्रावरून येतात आणि..." इतकं म्हणून सर नाहीसे व्हायचे. सात मिनिटांनी दारातून आवाज यायचा, "...सह्याद्रीला अडतात." एक शब्द इकडचा तिकडं नाही. एकदा शिक्षणाधिकारी तपासणीला आले आणि मागच्या बाकावर बसले. सर बरोबर "आणि"वर गेले. साहेब वाट बघत राहिले. मुलांना सवयच होती. वारे पुढं काय करतील यावर ती आपापसात हळू आवाजात वाद घालू लागली. सर परतले, वाक्य पूर्ण केलं, निम्म्या वर्गाचा अंदाज बरोबर निघाला. साहेबांनी शेरा लिहिला: 'विद्यार्थ्यांस स्वतंत्र विचार करण्यास वाव देण्याची श्री. इंगवले यांची पद्धत अनुकरणीय आहे.' मुख्याध्यापकांनी आम्हा सर्वांना ती पद्धत वापरायला सांगितली. मी आठवडाभर वाक्याच्या मध्येच बाहेर जाऊन व्हरांड्यात उभा राहत होतो.

डॉक्टरांनी स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या तेव्हा सरांचा चेहरा पुरीसारखा फुगला. लोक रस्त्यात थांबवून म्हणायचे, "सर, तब्येत सुधारली की!" सर नम्रपणे मान झुकवायचे आणि मला कोपरखळी मारायचे. "बघा, आजारपण मानवलं मला."

आता शिट्टी. सर फुटबॉलचे पंच होते. बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही, पण कोल्हापुरात फुटबॉल हा खेळ नाही, ते घराणं आहे. प्रत्येक पेठेच्या तालमीचा एक संघ, आणि त्या संघासाठी भावाशी अबोला धरणारी माणसं. असल्या मॅचला पंच व्हायचं म्हणजे ऐंशी मिनिटं दोन्हीकडच्या शिव्या खायच्या. सर त्या खायचे आणि त्यांचा हिशेब समसमान ठेवायचे. म्हणून तर सगळ्यांना तेच हवे असायचे. मला त्यांनी लाइनमन केलं. "तुम्हाला खेळातलं काही कळत नाही," ते म्हणाले, "म्हणजे तुम्ही निष्पक्ष." तेव्हापासून मी झेंडा घेऊन कडेला उभा राहिलो, तो आजही तिथंच आहे असं समजा.

मॅचच्या आधी त्यांचा नेम ठरलेला. सकाळपासून पोटात अन्न नाही. मैदानावर येताच पहिली फेरी पॅव्हेलियनमागच्या संडासाची. नकाशात त्याला एक नंबर दिलेला होता. मग मैदानाला हात लावून नमस्कार, मग शिट्टी. मध्यंतराला दुसरी फेरी. ही घडी अनेक वर्षं बसली होती, आणि ती एका फायनलला विस्कटली.

नागोबा तालीम विरुद्ध चिंचेची तालीम. नागोबा एक गोलनं पुढं. शेवटची मिनिटं, चिंचेचे अकराच्या अकरा खेळाडू नागोबाच्या गोलसमोर, आणि सरांनी मॅच संपल्याची लांब शिट्टी मारली. मारली आणि पॅव्हेलियनच्या दिशेनं जे धावत सुटले ते दिसेनासेच झाले. माझ्या घड्याळात अजून तीन मिनिटं बाकी होती. माझं घड्याळ मागं असेल, असं मी धरून चाललो. सरांच्या घड्याळावर शंका घ्यायची माझी छाती नव्हती.

ती छाती दादू पैलवानाची होती. दादू हा चिंचेच्या तालमीचा सर्वेसर्वा. तरुणपणी कुस्त्या मारलेल्या, आता चार म्हशी बाळगून दूधकट्ट्यावर उभा राहायचा. आमच्याकडं संध्याकाळी म्हशी रस्त्यावर आणतात आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळ दूध ग्लासात देतात. त्या कट्ट्यावरून दादूनं गावभर पसरवलं की मास्तरनं पैसे खाल्ले आणि शिट्टी मारून पळाला. आणि सर दिसले की तो दोनशे फुटांवरून हाळी द्यायचा, "सर, किती वाजलं ओ?"

सर थांबायचे. मनगट वर करायचे. "पाच वाजून अठरा मिनिटं." आणि पुढं चालू लागायचे. हे सहा वर्षं चाललं. सहा वर्षांत सरांनी एकदाही चुकीची वेळ सांगितली नाही आणि एकदाही खुलासा केला नाही.

त्यातच चौथ्या वर्षी आतडं अगदीच ऐकेना. रक्त कमी झालं, वजन उतरलं. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, मोठं आतडं काढून टाकायचं. त्यात एक नवी तऱ्हा निघाली होती, आपल्याकडं तेव्हा फार थोडे सर्जन ती करत. सर दोन ऑपरेशनं करून, मधले तीन महिने पोटावर मळाची पिशवी वागवून परत आले आणि पहिल्याच दिवशी शिक्षकांच्या खोलीत फळ्यावर आकृती काढायला लागले.

"हे मोठं आतडं. हे गेलं." डस्टरनं पुसलं. "हे लहान आतडं. याचं शेवटचं टोक असं दुमडलं, शिवलं, आणि त्याचीच आत एक पिशवी केली. आता साठा इथं. मूळ वाट तीच ठेवली आहे. पोटावरची पिशवी गेली."

मुख्याध्यापक हातातला वडा खाली ठेवून बाहेर निघून गेले.

"म्हणजे आता ताब्यात आलं म्हणायचं, सर?" मी विचारलं.

"राधानगरीचं धरण पाहिलंय ना? तिथले दरवाजे माणूस उघडत नाही. पाणी पातळीला आलं की ते आपले आपण उघडतात. स्वयंचलित. माझं आता तसं झालंय. पण पातळीला यायला चार-चार तास लागतात हो!"  चार तास! त्या माणसानं पंधरा वर्षांत सलग चार तास पाहिले नव्हते. त्या महिन्यात त्यांनी वहिनींना पन्हाळ्याला नेलं आणि एसटीत खिडकीशी बसून सबंध रस्ता एकही चौकोन न शोधता बघितला. वहिनी मला नंतर म्हणाल्या, "लगीन झाल्यापास्नं पहिल्यांदा ह्यास्नी बाहेरचं झाड दिसलं."

खिशातला नकाशा त्यांनी समारंभपूर्वक मला भेट दिला. "तुम्ही तरुण आहात, कधी लागेल सांगता येत नाही."

वर्षभर धरण झकास चाललं. सरांनी पुन्हा शिट्टी गळ्यात घातली, लहानसहान मॅच केल्या. मग शाळेतल्या जुन्या विद्यार्थ्यांनी त्यांचा सत्कार केला. कोल्हापुरात सत्कार म्हणजे फेटा, नारळ आणि मटणाचं जेवण. बरोबर पाचव्या दिवशी दरवाजे उघडले आणि मिटेचनात. सोळा वेळा. पोटात कळा, अंगात कणकण. गावात लगेच दोन तट पडले. एक म्हणे तांबड्या रश्श्यानं घात केला, दुसरा म्हणे छे, तांबडा कधी बाधत नाही, पांढऱ्याचंच काम. सत्काराचं जेवण करणारा आचारी रडकुंडीला येऊन सरांच्या दारात उभा राहिला.

डॉक्टरांनी तपासून निकाल दिला. "दोन्ही रस्से निर्दोष आहेत. त्या आतल्या पिशवीला सूज आलीय. पाउचायटिस म्हणतात त्याला. अशी पिशवी केलेल्यांपैकी बऱ्याच जणांना होतो. या गोळ्या घ्या, उतरेल."

सरांनी आचाऱ्याला बोलावून, चार माणसांसमक्ष निर्दोष जाहीर केलं. गोळ्या सुरू झाल्या बुधवारी. त्यांची चव अशी, की सर म्हणायचे, "चोवीस तास तोंडात गंजकी शिट्टी धरल्यासारखं वाटतंय."

आणि रविवारी फायनल होती. नागोबा विरुद्ध चिंच. सहा वर्षांनी पुन्हा. पंच म्हणून कोण पाहिजे याच्या दोन्ही तालमींच्या चिठ्ठ्या आल्या आणि दोन्हींवर एकच नाव होतं. होय, दादूच्यासुद्धा. त्याला सर नजरेसमोर हवे होते.

गुरुवारी मी घरी गेलो तेव्हा वहिनी दारातच होत्या. "काय बी सांगू नका त्यास्नी. मी जाऊ देनार न्हाई. सकाळपास्नं नऊ फेऱ्या झाल्यात."

आतून, बंद दाराआडून, सरांचा आवाज आला. "काल याच वेळेला बारा होत्या. गोळी लागू पडतेय."

बाहेर येऊन ते खुर्चीवर बसले. चेहरा उतरला होता, पण डोळ्यांत मिश्कीलपणा शाबूत. तो क्षणभरानं मावळला. "मला एकदा दादू पैलवानाकडं घेऊन चला. त्याच्याशी बोलल्याशिवाय मी मैदानात पाय ठेवणार नाही. आणि त्यानं नको म्हटलं, तर हिचीही काळजी मिटली."

माझ्या स्कूटरवरून आम्ही दूधकट्ट्यावर गेलो. वाटेत एकदा थांबलो. मी नकाशा काढला, भरीव चौकोन जवळच होता. दादू म्हशीखाली बसून धार काढत होता. सरांना बघताच त्याच्या तोंडावर ते नेहमीचं आलं. "काय सर, किती..."

"पैलवान," सर म्हणाले, "त्या फायनलला तीन मिनिटं बाकी होती."

धार थांबली.

"शिट्टी मी आधी मारली. जाणूनबुजून. घड्याळ बरोबर होतं."

दादू सावकाश उठला. आजूबाजूचे दोघे-तिघे दूध पिता पिता थांबले. "म्हंजे मी खरं बोलत हुतो. कितीला घेतलं त्यांनी तुमास्नी?"

"पैसे नाही घेतले. संडासला लागली होती."

"आं?"

"अजून एक मिनिट थांबलो असतो तर मैदानातच, सगळ्या गावासमोर..." सरांनी वाक्य सोडून दिलं. "आणि" न म्हणता सोडलेलं त्यांचं ते पहिलंच वाक्य.

दादूनं चरवी खाली ठेवली.  मग म्हणाला, "सा वर्सं मी गावभर तुमास्नी पैसं खाल्लं म्हणतोय. येकदा तरी तोंड उघडायचं की ओ!"

"पैसे खाल्ले म्हणत होता तेच बरं वाटायचं. खरं सांगायची लाज वाटायची." सर हसले, पण ते हसणं टिकलं नाही. "तुमच्या पोरांची तीन मिनिटं मी घेतली. त्यात गोल झाला असता, नसता झाला, कोण सांगणार? तेच टोचतं. एक फायनल मला पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत पुरी करायची आहे. आता आत पुन्हा सूज आलीय. तुम्ही नको म्हणा, मी घरी बसतो. या म्हणा, येतो. पण आलो तर पुरी वेळ. सेकंद कमी नाही."

दादूनं ग्लास फेसासकट भरला आणि पुढं केला. "ह्ये घ्या आदी."

"दूध चालत नाही मला."

"कोल्लापुरात ऱ्हाऊन दूध न्हाई? मग जगतासा कशावर ओ?"

"ताक-भातावर आणि तुमच्या शिव्यांवर."

दादूनं तो ग्लास स्वतःच एका घोटात रिकामा केला, मिशा पुसल्या आणि म्हणाला, "या आयतवारी. पर टाइम चोरला तर म्हशीच्या दाव्याला बांधून घालीन, सांगून ठिवतो."

सर पुढं पुष्कळ वर्षं धडधाकट राहिले. सूज त्या खेपेला उतरली, नंतर एक-दोनदा आली, गोळ्यांनी गेली. निवृत्त होऊन ते मुलीकडं परगावी राहायला गेले. पण डोळे मिटले की मला ते दिसतात ते त्या रविवारचे.

पहिला हाफ बिनबोभाट गेला. मध्यंतराला सर एक नंबरला जाऊन आले आणि मला म्हणाले, "आता चाळीस मिनिटं. चार तासांच्या माणसाला चाळीस मिनिटं काय!" पण ते आता चार तासांचे नव्हते, हे त्यांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं आणि कुंपणापाशी उभ्या असलेल्या दादूलाही.

दुसऱ्या हाफात चिंचेनं हेडरवर गोल मारला. मैदान पेटलं. पंधरा मिनिटं उरली असतील तेव्हा मी पाहिलं, सर धावताना डावा हात पोटाशी धरत होते. दहा मिनिटं उरली तेव्हा ते घामानं निथळत होते. आणि पाच मिनिटं उरली असताना चेंडू उडून चिंचेच्याच समर्थकांच्या गर्दीत गेला आणि तिथं मुरला.

आपला संघ पुढं असला की चेंडू दाबून ठेवायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. वेळ संपली की आपण जिंकलो! कुणीतरी तो घोंगडीखाली घातला, त्यावर एक जाडजूड इसम बसला, आणि सगळे आकाशाकडं बघू लागले. त्या बिचाऱ्यांना कल्पना नव्हती की मैदानाच्या मधोमध सरांनी घड्याळाकडं बघून हात वर केला होता. वाया गेलेली वेळ धरली जाणार होती. सगळीच्या सगळी.

कल्पना होती ती एकट्या दादूला. तो कुंपणावरून चढून गर्दीत शिरला. "द्या रं बॉल! उठ त्यावरनं, भोपळ्या!"

"अवो मालक, आपुन पुढं हाय!"

"पुढं हाय त्ये मला दिसतंय! तिकडं मानसाचा जीव चाललाय, द्या बॉल!" त्यानं त्या जाडजूड इसमाला काखेत घालून बाजूला ठेवला आणि चेंडू स्वतःच्या हातानं मैदानात फेकला. चिंचेच्या गर्दीला वाटलं, पैलवान फिरला.

ऐंशी मिनिटं भरली. सरांनी माझ्याकडं बघून तीन बोटं दाखवली. तीनच! चेंडू हरवला होता तेवढीच. मी घड्याळ पाहिलं. ते या वेळी सरांच्या घड्याळाशी सेकंदानं जुळत होतं. सरांचे ओठ पांढरे पडले होते. त्यांनी त्या क्षणी शिट्टी मारली असती तर चिंच जिंकलीच होती, आणि चिंचेचा एकही माणूस तक्रार करणार नव्हता. पण आता ती तीन मिनिटं नागोबाची होती.

पहिलं मिनिट. दुसरं. बरोबरी झाली तर जादा वेळ खेळवावी लागणार, आणखी वीस मिनिटं, हे माझ्या डोक्यात आलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मी निष्पक्ष राहिलो नाही. तिसऱ्या मिनिटाला नागोबाच्या पोरानं लांबून जी किक मारली ती सरळ गोलच्या दिशेनं निघाली. सर धावत चेंडूमागं आले, वाकून, पण डोळे चेंडूवर. चेंडू आडव्या दांडीवर आदळला आणि बाहेर गेला. सरांनी मनगट पाहिलं. चार सेकंद. तीन. दोन. एक.

ती शिट्टी मी आजही ऐकतो. लांब, सरळ, पुरती.

आणि सर पॅव्हेलियनच्या दिशेनं निघाले. पण समोरून चिंचेची सबंध पेठ गुलाल उधळत मैदानात उतरत होती. वाट उरली नव्हती. मी झेंडा टाकून धावलो, पण माझ्या आधी दादू पोचला होता. त्याचा संघ सहा वर्षांनी जिंकला होता, त्याला खांद्यावर घ्यायला माणसं धावत येत होती, आणि तो दोन्ही हात पसरून त्यांनाच मागं ढकलत होता, आखाड्यात ढकलावं तसा. गर्दी दुभंगली. त्या वाटेनं इंगवले सर, डोक्यावर गुलाल, एक हात पोटावर, दुसऱ्या हातात शिट्टी, माझ्याकडं बघून डोळा मिचकावून, एक नंबरच्या दारात नाहीसे झाले. आणि त्यांच्या पाठीमागं, सबंध मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात दादू पैलवान ओरडला,

"सर, आत सावकाश! आता पुरता टाइम घ्या की!"